शेखमामांची तेलुगू

आजच्या या सेवापूर्ती सोहळ्याचे अध्यक्ष आणि आपल्या आगाराचे व्यवस्थापक माननीय सत्यजीत साहेब. वडगाव रासाईहून एवढ्या उन्हात मुद्दाम आलेले आदरणीय जालिंदर आबा. व्यासपीठावर बसलेले आणि आग्रह करून बसवलेले सर्व मान्यवर. कार्यशाळेतले माझे बंधू, माझ्या वाहक भगिनी, शेख कुटुंबातले पाहुणे, पहिल्या रांगेत बसलेल्या अमीरबी नानी. आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे इथं जमलो ते सत्कारमूर्ती, चालक श्री. इम्तियाज अल्लाबक्ष शेख, म्हणजे तुमचे-माझे शेखमामा, आपणा सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

मी प्रतिभा कोळेकर, राहणार निमोणे, या आगारात वाहक. माझ्या हातात माईक आला की साहेब घड्याळाकडं बघतात, हे मला इथूनसुद्धा दिसतं. साहेब, आज जरा सांभाळून घ्या. मामांच्या विनाअपघात सेवेबद्दल माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. ते सगळं खरं आहे. शिरूर–दौंड गाडीवर मी त्यांच्या मागं घंटी वाजवत कितीतरी वर्षं काढली; खड्डा आला तरी माझ्या हातातली तिकिटं सांडली नाहीत. पण मला आज दुसरंच काही सांगायचं आहे. सकाळी मी मामांची परवानगी घेतली. म्हटलं, "मामा, सांगू का?" ते म्हणाले, "सांगा ताई. न्हाईतर लोकं म्हनत्यात, शेख येडा झालाय, दौंडच्या स्टँडावर इडलीच्या गाड्याशी एकटाच पुटपुटत बसतो."

तर, मामा पुटपुटतात ती तेलुगू. आणि ती ते का शिकले, हे या सभागृहात फार थोड्यांना माहीत आहे.

मंडळी, माणसाला किती भाषा येतात? आपल्या गाडीत बसा म्हणजे कळेल. कंपन्यांत कामाला आलेली बिहारची, ओडिशाची पोरं असतात. दौंडच्या रेल्वे कॉलनीतली तेलुगू-तमिळ माणसं असतात. बाजाराला निघालेल्या आपल्या आयाबाया असतात. सगळे एकमेकांशी कसे बोलतात, देव जाणे, पण बोलतात. माझंच बघा, माझी हिंदी "आगे सरको" आणि "छुट्टा दो" यापलीकडं गेली नाही, तरी कुणाचं काही अडलं नाही. माझे आजोबा मेंढरं राखायचे. कळप वळवायची त्यांची हाक वेगळी आणि पाण्यावर न्यायची वेगळी. मेंढरांना ती बरोबर कळायची. मी तर म्हणते, तीही एक भाषाच होती.

पण शेखमामा? मामांना एकच भाषा. आडनाव शेख म्हटल्यावर लोक हटकून हिंदीत सुरू करायचे. "भैया, दौंड कब पहुँचेंगे?" मामा गिअर टाकत म्हणायचे, "पोचू की. बसा निवांत." एकदा एका साहेबानं त्यांना विचारलं, तुम्हाला हिंदी कसं येत नाही? मामा म्हणाले, "आवं, आमच्या घरात माझ्या आज्जापासनं मराठीच हाय. नमाज अरबीत हाय, ती पाठ हाय. पर तिचा अर्थ इचारायचा आसंल तर मौलवींकडं जावा." दहावीला इंग्रजीनं त्यांना दोनदा अडवलं आणि मग ते स्टिअरिंगवर बसले. नवी भाषा म्हटली की मामा हात जोडायचे.

आणि अशा माणसाच्या घरात कोण आलं, तर महेजबीनभाभी!

भाभींचं माहेर दौंडचं. वडील रेल्वेत, जन्म रेल्वेच्या क्वार्टरमधला. शिरूरला त्यांचं शिवणाचं दुकान होतं, तुमच्यातल्या निम्म्या घरांतले ब्लाऊज त्यांनी शिवलेत. दुकानात ओडिशाची बाई आली की भाभी तिच्याशी तिच्या बोलीत, बिहारची आली की तिच्या बोलीत, मारवाडी काकू आल्या की त्यांच्या ढंगात बोलायच्या. माहेरी दखनी, सासरी मराठी. मी एकदा विचारलं, "भाभी, हे शिकता कधी?" म्हणाल्या, "शिकत नाय गं. ब्लाऊज नीट बसवायचा तर बाईचं ऐकावं लागतं. ऐकलं की येतंच." त्यांना ते इतकं सोपं वाटायचं, की दुसऱ्याला अवघड का जातं हेच कळायचं नाही. मामांना चिडवायच्या, "तुम्हाला एक बायको आणि एक भाषा, दोन्ही पुरल्या." मामा हसायचे. आम्हीही हसायचो.

मागच्याच्या मागच्या उन्हाळ्यात, दुकानात कापड बेतता बेतता भाभी खाली कोसळल्या. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. आधी शिरूर, मग पुणे. जीव वाचला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालू लागल्या, आणि बोलणं पार गेलं. जिच्या तोंडात एवढ्या भाषा होत्या, त्या बाईला पाणी हवंय हे सांगता येईना. काही आठवड्यांनी तोंडातून शब्द फुटायला लागले, पण ते कुणालाच कळेनात. मराठी नाही, दखनी नाही, हिंदी नाही. सगळ्यांना वाटलं, जीभ नुसतीच वळवळते आहे.

मग दौंडहून या अमीरबी नानी आल्या. लेकीच्या उशाशी बसल्या. भाभी म्हणाल्या, "नीळ्ळु." पुन्हा म्हणाल्या, "नीळ्ळु." नानींनी कपाळावर हात मारला. "अगे माँ! पानी मांग रई ये! ये तो तेलगू है, वेंकम्मा के घर की बोली!"

गोष्ट अशी होती. भाभी तान्ह्या होत्या तेव्हा नानींना क्षय झाला. लेकराला जवळ घ्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. शेजारच्या क्वार्टरमध्ये आंध्रातलं कुटुंब होतं. त्या घरच्या वेंकम्मांनी ही पोर उचलून नेली आणि स्वतःच्या लेकरांत वाढवली. भाभी पहिलं बोलल्या ते तेलुगू. नानी बऱ्या झाल्या, पोर घरी आली, पुढं त्या कुटुंबाची बदली झाली आणि ती भाषा घरातून गेली. नानींनाही तिचे दोन-चार शब्दच आठवत होते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं भाभींनी तिचा एक शब्द उच्चारला नव्हता. मामांना तर लग्नापासून ठाऊकच नव्हतं.

मामांनी डॉक्टरांना विचारलं, असं कसं? डॉक्टर म्हणाले, कुणाची पहिली भाषा परत येते, कुणाची शेवटची. का, ते आम्हालाही नीट सांगता येत नाही. तुमचं मराठी त्यांना बरंचसं समजतंय, पण बाहेर पडेल ते हेच.

भाभी हाक मारायच्या, "अम्मा." नानी म्हणायच्या, "हौ बेटा." आणि मी भेटायला गेले तेव्हा बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मेरे को अम्मी बोलती थी गे. ये अम्मा किसको बोलती, अल्ला जाने. मैं हौ बोल देती."

नानी, तुमच्यासमोर हे बोलावं की नाही, मला कळत नव्हतं. पण तुम्हीच मघाशी मान डोलावलीत.

लेक शाहिस्ता मोबाईल घेऊन बसायची. फोनमध्ये भाषांतराची सोय असते, तुम्हाला माहीतच आहे. पण भाभींची जीभ जड, आणि भाषा लहान पोराची, तीही रेल्वेच्या क्वार्टरमधली. फोन काहीच्या बाहीच सांगायचा. मामा म्हणाले, "ठेव त्यो फोन. त्यो पुस्तकातलं बोलतो, ही घरातलं."

मामा ड्युटी करून घरी जायचे आणि स्वतःच्या हातानं भाभींना मऊ खिचडी भरवायचे. चार घास झाले की भाभी म्हणायच्या, "चालु, चालु." मामांना वाटायचं, वा, अन्न गोड लागतंय, चालू ठेवा म्हणतेय! ते पुढचा घास द्यायचे. भाभी परत "चालु" म्हणायच्या, डोळ्यांत पाणी आणायच्या. मामा डोळे पुसायचे आणि घास पुढं करायचे. एकदा ठसका लागून जीव कासावीस झाला, तरी कुणाला उमगलं नाही.

दौंड स्टँडच्या बाहेर नरसम्मा मावशींचा इडलीचा गाडा आहे. मावशींचे यजमान रेल्वेतून रिटायर झालेले. एक दिवस आम्ही दोघं तिथं बशी घेऊन उभे होतो. शेजारी रेल्वेचा एक माणूस खात होता. मावशी त्याच्या बशीत सांबार ओतत होत्या. तो म्हणाला, "चालु, चालु." आणि मावशींचा हात थांबला.

मामांनी ते पाहिलं. बशी तशीच धरून म्हणाले, "मावशी, ह्यो मानूस आत्ता काय म्हनला?"

"चालु म्हणाला."

"चालु म्हंजी?"

"चालु म्हणजे बस्स. पुरे."

मामांनी बशी गाड्यावर ठेवली. गाडी सुटायची वेळ झाली, ते जाऊन सीटवर बसले. न्हावऱ्याला माणसं उतरली, तेव्हा आरशात माझ्याकडं बघत म्हणाले, "ताई, ती रोज बास म्हनत हुती. आन् मी रोज चमचा पुढं करत हुतो."

दुसऱ्या दिवशी मामा गाड्यापाशी गेले. "मावशी, मला तुमची भाषा शिकवाल का?"

मावशी हसल्या. "आता ह्या वयात कशाला, शेखसाहेब?"

"घरी बायको हाय," मामा म्हणाले.

मावशींना त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "रोज एकच शब्द देईन. जास्त नको, तुमच्या डोक्यात नाही राहणार."

मंडळी, लहान मूल भाषा कशी शिकतं? अंगणात खेळता खेळता, धुळीसारखी ती अंगाला चिकटते. भाभींना ती अशीच चिकटली होती. आणि साठीकडं झुकलेल्या माणसाला ती कशी शिकावी लागते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. हा माणूस स्टिअरिंगवर बसून घोकायचा. नोप्पि म्हणजे दुखणं. वद्दु म्हणजे नको. चलि म्हणजे थंडी. गतिरोधक आला की शब्द निसटायचा. मग मला विचारायचे, "ताई, थंडीला काय वो?" आणि मला तरी काय माहीत! मागून एखादा प्रवासी म्हणायचा, ड्रायव्हर मंत्र म्हणतोय का?

नोप्पि शब्द पाठ झाला त्या दिवशी मामा घरी गेले आणि भाभींच्या खांद्याला हात लावून विचारलं, "नोप्पि?" भाभी बघतच राहिल्या. आणि मग त्या जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. सकाळी मामा मला म्हणाले, "म्या एक शबूद टाकला, तिनं शंभर टाकले. मला त्यातला एकबी कळला न्हाई. पर ती बोलली, ताई! किती दिसांनी बोलली!"

हळूहळू कळायला लागलं. पाय दुखतोय का, भीती वाटते का, खिडकी उघडू का, एवढं मामांना विचारता येऊ लागलं आणि उत्तरही समजू लागलं. भाषा यायला लागली म्हणजे सुख येतं, असं आपण धरून चालतो. तसंच असतं का नेहमी?

एका संध्याकाळी भाभी दाराकडं बोट करून सारख्या म्हणायला लागल्या, "मा इल्लु, मा इल्लु." इल्लु म्हणजे घर, हे मामांना येत होतं. ते म्हणाले, अगं, हेच की घर. भाभी मान हलवायच्या. नाही. मा इल्लु.

दुसऱ्या दिवशी मावशींना विचारलं. मावशी जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात दोन शब्द आहेत. मा म्हणजे आमचं. मन म्हणजे आपलं. समोरच्याला धरून बोलायचं तर मन. त्याला सोडून बोलायचं तर मा."

मामा म्हणाले, "म्हंजी मी त्यात न्हाई."

"तसं नाही हो. लहानपणचं तोंडात बसलेलं असतं ते."

"व्हय, व्हय," मामा म्हणाले. पण परतीच्या वाटेवर भीमेचा पूल ओलांडताना मला म्हणाले, "ताई, आपल्यात आमचं निराळं आन् आपलं निराळं. त्यांच्यातबी तसंच निघालं. हिंदीत बरं हाय. हमारा म्हनलं की सगळी आली. मला कळलं नसतं तर बरं झालं आसतं."

मी पुढच्या थांब्याची घंटी वाजवली.

पण हा माणूस हटला नाही. त्या दिवसापासून ते रोज भाभींशेजारी बसायचे. भिंतीला हात लावायचे आणि म्हणायचे, "मन." खाटेला हात लावायचे, शिलाई मशीनला लावायचे, "मन." दारातल्या पेरूच्या झाडाकडं बोट करायचे, "मन." भाभी ऐकायच्या. कधी हसायच्या, कधी तोंड फिरवून निजायच्या. शाहिस्ता म्हणाली, अब्बा, नका हो त्रास करून घेऊ. मामा म्हणाले, "मला कुठं त्रास हाय? म्या तिला आपलं घर दाखवतोय."

यंदा रमजान लागायच्या थोडं आधी, एका सकाळी मामा ड्युटीवर आले ते वेगळेच दिसत होते. गाडीचा दरवाजा उघडायचा सोडून तिथंच उभे राहिले. म्हटलं, "काय झालं मामा?" म्हणाले, "काल तिचं पाय धूत हुतो. तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. आन् म्हनली, मन इल्लु." मग म्हणाले, "ताई, तिनं मला धरलं."

मराठीत मन म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच आठवड्यात भाभींना दुसरा झटका आला. आम्ही दौंडला होतो. मामांचा फोन वाजला, पलीकडून शाहिस्ता होती. मामा स्टँडच्या कट्ट्यावर खाली बसले. गाडी दुसऱ्या चालकाकडं दिली. कुणीतरी नरसम्मा मावशींना सांगितलं. त्या भर गर्दीत गाडा झाकून आल्या, मामांशेजारी बसल्या आणि त्यांच्याशी तेलुगूत बोलत राहिल्या. पहिल्यांदाच त्या सावकाश, सोपं करून बोलल्या नाहीत. आपल्या माणसाशी बोलावं तसं बोलल्या. मला एक अक्षर कळलं नाही. पण मामांना सगळं कळत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

भाभी गेल्या. मामा पुन्हा ड्युटीवर आले तेव्हा मी मुद्दामच भाषेचा विषय काढत नव्हते. त्यांनीच काढला. "ताई, एवढी शिकलो. आता कुनाशी बोलू?"

म्हणून ते गाड्यापाशी बसतात, मंडळी. म्हणून पुटपुटतात. ज्यांना हसायचं होतं ते हसले असतील, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना माहीत नव्हतं.

आता शेवटचं सांगते. साहेब, हे खरोखरच शेवटचं. नरसम्मा मावशींच्या रेल्वेतल्या नातलगांनी शोध घेतला. वेंकम्मा हयात आहेत. खूप थकल्यात, आंध्रात गुंतकलला थोरल्या मुलाकडं असतात. त्यांच्या घरी फोन आहे, नंबरही मिळालाय. मी म्हटलं, "मामा, फोन करून कळवा ना." मामा म्हणाले, "फोनवर सांगायची गोष्ट न्हाई ती. तिची लेक गेलीया." हे ऐकून नानी म्हणाल्या, "मैं भी आती. मेरे से पहले वो उसकी माँ थी."

परवा दौंडहून रेल्वे आहे. नानी आणि मामा, दोघं जाणार आहेत. तिथं वेंकम्मांपुढं बसून ही गोष्ट त्यांच्याच भाषेत सांगायची, असं मामांनी ठरवलंय. एकच वाक्य आहे. महिनाभर मावशी ते शिकवताहेत. पहिले शब्द मामांना सहज येतात. शेवटचा येत नाही. म्हणजे, पाठ आहे. तोंडातून निघत नाही. काल मावशी म्हणाल्या, राहू द्या, इथं नका म्हणू. तिथं गेल्यावर निघेल.

तो शब्द मला ठाऊक आहे. मी तो इथं उच्चारणार नाही. मामांच्या आधी तो कुणी उच्चारू नये.

मामा, या आगारातल्या आम्हा सगळ्यांच्या वतीनं तुम्हाला उदंड आयुष्य चिंतते. साहेबांनी वेळ दिला, आबांनी एवढं शांतपणे ऐकून घेतलं, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी चहा दोनदा गरम केला, त्या सर्वांची मी ऋणी आहे. तेलुगू शब्द माझ्या तोंडून वेडेवाकडे आले असतील, ते नरसम्मा मावशींनी पोटात घालावेत. मराठीतही कुठं पाय घसरला असेल, कुणाचं मन दुखलं असेल, विशेषतः नानी, तुमचं, तर लेकीसारखं समजून मला माफ करा.

मी थांबते. नमस्कार.